काचेच्या पेटीतील मुका जीव आणि आपले उत्तरदायित्व

टॅरंटुला जातीचा मोठा कोळी कात टाकताना पाठीवर उताणा होतो. आठही पाय वर, हालचाल जवळजवळ नाही. ज्याने हे पूर्वी पाहिलेले नाही, त्याला तो मेला असेच वाटावे. वस्तुतः त्या वेळी तो आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम करीत असतो. पाठीवरचे जुने कवच कडेने उकलते आणि त्या फटीतून तो आपले सारे शरीर बाहेर ओढतो; घट्ट हातमोज्यातून एकेक बोट सोडवावे, तसा एकेक पाय सोडवतो. बाहेरची कातडी तेवढी निघाली म्हणजे काम झाले असे नाही. सुळ्यांचे आवरण, घशाचे आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचे अस्तर, श्वास घेण्याच्या पानांसारख्या पडद्यांवरचा पापुद्रा, हे सारे त्या एकाच कातीबरोबर निघावे लागते. बहुतेक वेळा ते सुखरूप पार पडते. कधी पडत नाही. एखादा पाय जुन्या कातीत अडकून राहतो, झटापटीत गळून पडतो, आणि थकलेला कोळी पाय पोटाशी घेऊन एका कोपऱ्यात पडून राहतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीने अशाच एका कोळ्याविषयी आम्हाला विचारले आहे. त्यांच्या मुलाने शाळेत असताना हौसेने चिली देशातील एक टॅरंटुला विकत घेतला. मुलगा पुढील शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेला. काचेची पेटी मागे घरात राहिली. गेल्या महिन्यात कोळ्याने कात टाकली, तेव्हा एक पाय गळाला आणि एका पायावर जुन्या कातीचे वेटोळे तसेच राहिले. यजमान म्हणतात, एका किड्यासाठी एवढा जीव का टाकायचा? शेजारच्या एका गृहस्थांनी डब्यात घालून गोठवून टाकण्याचा सल्ला दिला. भगिनी लिहितात की मला त्याची भीती वाटते, किळसही येते. तो मेला तर खरे सांगायचे तर सुटका वाटेल. पण मी त्याला मरू दिले, तर अल्लाहपाशी मला जाब द्यावा लागेल काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मांजर, शेळी, कबुतर यांच्याविषयी दया बाळगावी, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून शिकवले जाते, आणि ते शिकवणे सोपेही जाते. त्या जिवांना डोळे आहेत, आवाज आहे, ऊब आहे. कोळ्याकडे यातले काहीच नाही. त्याच्यावर प्रेम केले तर त्याला ते कळत नाही. तो मालकाला ओळखत नाही. म्हणून आपली दया कशावर उभी आहे, आपल्या आवडीवर की दुसऱ्याच्या हक्कावर, याची परीक्षा मांजरापाशी होत नाही. ती अशा ठिकाणी होते.

पवित्र कुरआनात सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत पृथ्वीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या सर्व जिवांना मानवांसारखेच समुदाय म्हटले आहे. तेथे सुंदर आणि कुरूप, उपयोगी आणि निरुपयोगी असा भेद केलेला नाही. कोळ्याच्या नावाची तर एक संपूर्ण सूरह आहे. सूरह अल-अन्कबूतच्या ४१व्या आयतीत कोळ्याच्या घराच्या दुबळेपणाची उपमा येते, परंतु ती अल्लाहला सोडून इतरांचा आधार शोधणाऱ्या माणसांसाठी आहे. त्या जिवाच्या तिरस्कारासाठी नाही. आपल्याकडे कोळ्याला मारू नये असे सांगताना वडीलधारी माणसे सौर गुहेच्या तोंडाशी विणलेल्या जाळ्याचा प्रसंग सांगतात. त्या कथनाच्या सनदीविषयी हदीसतज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि टॅरंटुला तसे गोल जाळे विणतही नाही. तो बिळात किंवा ढोलीत राहतो. तेव्हा त्या प्रसंगावर येथे भिस्त ठेवण्याचे कारण नाही. आधार त्याहून भक्कम आहे.

तो आधार म्हणजे मांजर कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) आणि हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि आपण ती इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातील बारकावा कानांवरून निघून जातो. त्या स्त्रीने मांजराला मारले नव्हते, जखमी केले नव्हते. तिने त्याला कोंडले, मग खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडे-कीटक स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. मांजर पाळणे हा तिच्यावरचा आरोप नाही. मांजरावर तिचे प्रेम नव्हते, हाही नाही. ज्या क्षणी तिने दार बंद केले, त्या क्षणी अल्लाहने त्या जिवासाठी जमिनीवर पसरून ठेवलेली रोजी तिने अडवली. म्हणून ती रोजी पोचवण्याचे काम तिच्यावर आले. ते तिने केले नाही, आणि त्याची शिक्षा तिला भोगावी लागली.

आता हाच बारकावा त्या काचेच्या पेटीला लावून पाहावा. हदीसीत मालकापुढे दोन वाटा आहेत: खाऊ घाल, नाहीतर सोडून दे. चिलीच्या कोरड्या, झुडपी प्रदेशातील कोळ्याला ब्रिटनमध्ये सोडणार कुठे? तेथील थंड, ओल्या हिवाळ्यात सोडणे म्हणजे मरण लांबवणे एवढेच. शिवाय त्या देशाच्या १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार परदेशी प्राणी मोकळा सोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे दोनांपैकी एक वाट आधीच बंद झालेली आहे, आणि ती कोळ्याने बंद केलेली नाही. उरते ती एकच. त्याला अन्न-पाणी देणे ही या घराची भूतदया नसून देणे आहे. माणसाला भूतदया वाटते किंवा वाटत नाही. देणे मात्र वाटण्यावर अवलंबून नसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यजमानांच्या बोलण्यात आलाच आहे. निरोगी कोळी ठीक. पण जो आता शिकार करू शकत नाही, बहुधा मरणारच आहे, ज्याच्यापासून कसलाही लाभ नाही, त्याच्यासाठी खटाटोप कशाला? या आक्षेपाचे उत्तर आपल्या फिक्हमध्ये आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. दमास्कस आणि नंतर कैरो येथे होऊन गेलेले थोर शाफई विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (निधन हिजरी ६६०) यांनी ‘कवाइदुल अहकाम’ या आपल्या ग्रंथात माणसावर असलेले जनावरांचे हक्क सांगितले आहेत. मालकाने जनावरावर खर्च करावा, आणि ते म्हाताऱ्या वयामुळे किंवा आजारामुळे अगदी निरुपयोगी झाले तरीही करावा, असे ते स्पष्ट करतात. त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे लादू नये. त्याला इजा करील अशा दुसऱ्या जनावराबरोबर त्याला कोंडू नये, मग ते जनावर त्याच्याच जातीचे असो वा दुसऱ्या. हे शेवटचे वाचताना वाटते की या विद्वानांनी टॅरंटुलाची पेटी पाहिली होती की काय! कारण नुकती कात टाकलेल्या मऊ कोळ्याच्या पेटीत जिवंत रातकिडा सोडला, तर भक्ष्य आणि भक्षक यांची अदलाबदल होते. भुकेला रातकिडा त्या असहाय कोळ्यालाच कुरतडतो.

आजारी जनावराचा हक्क आजारपणात संपत नाही, उलट तेथेच तो सर्वांत जास्त लागतो, हे सांगण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्यांना ते ठाऊक आहे. अर्थात माणूस आणि कोळी एका तराजूत घालण्याचा येथे विचार नाही. घरातील वृद्धाचे औषध आणि कोळ्याचे अन्न यांत निवड करण्याची वेळ आली, तर माणूस आधी; यात दुमत नाही. परंतु प्रामाणिकपणे पाहिले तर तशी वेळ येथे आलेली नाही. प्रश्न एका बशीभर पाण्याचा, आठवड्याला एखाद्या रातकिड्याचा आणि रोजच्या पाच मिनिटांचा आहे. मोठ्या कर्तव्यांचे नाव पुढे करून छोटे कर्तव्य टाळण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते, आणि मोठी कर्तव्येही त्यामुळे पार पडलेली असतात असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोळ्याला वेदना होतात तरी काय? शास्त्रज्ञांत यावर एकमत झालेले नाही. थॉमस आयझनर आणि स्कॉट कॅमेझिन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की जाळे विणणाऱ्या एका जातीच्या कोळ्यांच्या पायात मधमाशीचे विष गेले, तर ते स्वतःच तो पाय गाळून टाकतात. आणि त्या विषातील जे घटक माणसाला दुखवतात, तेच कोळ्यालाही पाय गाळायला लावतात. यावरून वेदना सिद्ध होते असे त्यांनीही ठामपणे म्हटले नाही, पण प्रश्न निकालात काढता येत नाही एवढे नक्की. ब्रिटनचा २००६चा प्राणिकल्याण कायदा मुख्यतः पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरता आहे. तेथील २०२२च्या कायद्याने संवेदनशील जिवांत खेकडे, शेवंडे आणि ऑक्टोपस यांची भर घातली, कोळी बाहेरच राहिला. आपल्या भारताच्या १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने मात्र माणूस सोडून प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ या शब्दात घेतले आहे. व्याख्येपुरते पाहिले तर आपला जुना कायदा अधिक उदार म्हणावा लागेल.

आपल्यासाठी मात्र ही रेघ कायद्याने आखण्यापूर्वीच आखली गेली आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची गोष्ट सांगितल्यावर सहाबांनी विचारले की जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला मिळतो काय? तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जे उत्तर दिले, त्याचा आशय असा की ज्याचे काळीज ओले आहे, म्हणजे जो जिवंत आहे, अशा प्रत्येकाच्या बाबतीत मोबदला आहे. वेदना सिद्ध करून दाखवण्याची अट तेथे नाही. इमाम नववी यांनी या हदीसीच्या स्पष्टीकरणात ज्यांना मारण्याची आज्ञा आहे असे घातक जीव वगळले आहेत; विंचू त्यांत येतो. कोळी त्या यादीत नाही. चिलीच्या या कोळ्याचे विष निरोगी माणसाला सहसा मधमाशीच्या दंशापेक्षा फारसे जाणवत नाही. त्याच्या पोटावरचे केस मात्र डोळ्यांत गेले तर त्रास देतात.

‘ओले काळीज’ हे शब्द वाचताना मनात एक गोष्ट आली. ती प्रमाण म्हणून नव्हे, सहज सांगतो. कोळ्याच्या पायांत पाय पोटाशी ओढणारे स्नायू आहेत, पण पायांचे मुख्य सांधे सरळ करणारे स्नायू नाहीत. पाय लांब करण्यासाठी तो शरीरातील द्रवाचा दाब वापरतो, जसे पाणी सोडल्यावर चपटा पडलेला रबरी पाइप ताठ होतो. अंगातील पाणी कमी झाले की दाब पडतो आणि आठही पाय आपोआप खाली वळून मुठीसारखे मिटतात. त्या भगिनींनी वर्णन केलेली अवस्था हीच आहे. ओलावा गेला की त्याला उभेही राहता येत नाही. म्हणून त्याची पहिली गरज अन्नाची नसून पाण्याची आहे, आणि बहुतेक लोक नेमके उलट करतात.

दयेला माहितीची जोड लागते, ही गोष्ट आपण पुरेशी बोलत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या अज्ञानी सेवेने जीव जाऊ शकतो. अडकलेली कात चिमट्याने ओढली, तर खालचा मऊ पाय फाटतो आणि त्याचे निळसर रक्त वाहू लागते. कात टाकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, काती अजून ओलसर असताना, मऊ कुंचल्याने त्या ठिकाणी कोमट पाणी लावत राहिले तर ती कधी कधी सुटते. एकदा वाळली की हट्ट सोडावा. कोळी गरज पडल्यास तो पाय स्वतः गाळून टाकतो किंवा पुढील कातीबरोबर ते वेटोळे निघून जाते. चालणे अगदीच अडत असेल तर असे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवावे. भूक लागली असेल म्हणून लगेच भक्ष्य देणे हेही चूक. कात टाकल्यावर त्याचे सुळे पांढरे आणि मऊ असतात, मग लालसर होतात, आणि काळे होईपर्यंत त्यांनी चावता येत नाही. मोठ्या कोळ्याला यासाठी दोन आठवडे किंवा अधिक लागू शकतात. त्यानंतरही अशक्त कोळ्याला जिवंत रातकिडा न देता मारलेला, ठेचलेला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी उरलेले काढून घ्यावे. ऊब मिळावी म्हणून दिवा लावला तर तो आणखी सुकतो. दमट कागद घालून बंद डबीत ठेवण्याचा जुना सल्ला सांगणारे आजही भेटतात, पण कोरड्या प्रदेशातील कोळ्याला कोंदट ओल बाधते.

मग करायचे काय? एक उथळ बशी पाण्याने भरून त्याच्याजवळ ठेवायची. त्याला तेथवर जाता येत नसेल, तर जाड कागदाच्या तुकड्यावर हलकेच घेऊन त्याचा पुढचा भाग बशीच्या काठावर असा टेकवायचा की तोंडाला पाणी लागेल आणि पोटाखालच्या श्वासाच्या फटी कोरड्या राहतील. पेटी मंद उजेडात, धक्के लागणार नाहीत अशा जागी ठेवायची. आणि मग हात मागे घ्यायचा. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. रोज उचलून पाहणे, फुंकर घालणे, काडीने हलवून जिवंत आहे की नाही याची खात्री करून घेणे, याने आपल्या मनाला बरे वाटते. कोळ्याला प्रत्येक वेळी उरलीसुरली शक्ती खर्चावी लागते.

त्या भगिनींना आपली भीती आणि किळस हा दोष वाटतो आहे. त्यांना सांगावेसे वाटते की अल्लाह स्वभावतः वाटणाऱ्या किळसेचा हिशेब मागत नाही, हातून घडलेल्या आणि टाळलेल्या कृतीचा मागतो. शिवाय येथे योग असा आहे की या आजाऱ्याला जी सेवा हवी आहे, तिच्यात स्पर्श नाहीच. ज्याला कोळी फार आवडतो तो त्याला हातावर घेऊन गोंजारील आणि मारील. ज्याला भीती वाटते तो लांबूनच पाणी ठेवील आणि झाकण लावील. या एका प्रसंगात घाबरट हात हाच योग्य हात आहे.

रातकिड्याचे काय, असेही कोणी विचारील. एका जिवाला जगवण्यासाठी दुसऱ्याला मारायचे, ही कसली दया? मांजराच्या हदीसीतच याचे उत्तर आहे. त्या मांजराची मोकळेपणी मिळणारी रोजी म्हणून जमिनीवरच्या कीटकांचाच उल्लेख तेथे आला आहे. अल्लाहने मांसाहारी जीव निर्माण केले आणि त्यांची रोजी दुसऱ्या जिवांत ठेवली. तरीही मारण्याची पद्धत आपल्या हातात असते. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसीत प्रत्येक गोष्टीत एहसान आवश्यक ठरवला आहे, आणि जीव घेतानाही तो उत्तम रीतीने घ्यावा, पाते धारदार करावे, जनावराला आराम द्यावा, असा आदेश आहे. म्हणून रातकिड्यालाही एका फटक्यात मारावे. पाय मोडून अर्धमेला टाकू नये. विकत आणलेले रातकिडे डबीत उपाशी ठेवू नयेत, हेही त्यातच आले. कोंडलेले तेही आहेत.

गोठवण्याच्या सल्ल्याविषयी दोन शब्द लिहावे लागतील. थंडीने कोळ्याची हालचाल हळूहळू बंद होते, म्हणून हा मृत्यू सौम्य असतो असे सांगणारे आहेत. हालचाल थांबणे आणि वेदना थांबणे ही एकच गोष्ट नव्हे, आणि कोळी पाळणाऱ्या जाणत्या लोकांतही यावर वाद आहे. असाध्य वेदनेत असलेल्या जनावराचा अंत करावा की नाही, यावर फुकहांमध्येही मतभेद आहेत. काहींनी त्याची सुटका करण्यास अनुमती दिली आहे, काहींनी त्याला त्याच्या नियत वेळेवर सोपवून अन्न-पाणी देत राहावे असे म्हटले आहे. हा लेख फतवा नाही. तशी वेळ आली तर आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. परंतु त्या वादापर्यंत जाण्यापूर्वी मनाला एक सरळ प्रश्न करावा: सुटका कोणाची हवी आहे, त्याची की माझी? ज्या कोळ्याचे सुळे शाबूत आहेत, ज्याला अजून पाणी पाजून पाहिलेले नाही, त्याची अवस्था असाध्य म्हणता येत नाही. गळालेला पाय हा त्या जिवासाठी मरण नव्हे. अन्न शोषणाऱ्या जठराचे अस्तर आतच अडकून राहिले असेल तर मात्र तो खाऊ शकणार नाही आणि कोणाच्याही प्रयत्नांनी वाचणार नाही. ते बाहेरून दिसत नाही. काही आठवड्यांनी त्याच्या वागण्यावरून कळते. तोवर पाणी देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि जेवढे हाती आहे तेवढ्याचाच हिशेब आहे.

अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी सांगितलेला उंटाचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले, तेव्हा तेथील उंट त्यांना पाहून हुंदके देऊ लागला. त्यांनी त्याच्या कानांमागे हात फिरवून त्याला शांत केले, मालक कोण म्हणून विचारले, आणि समोर आलेल्या तरुणाला ज्या जनावराचे मालकपण अल्लाहने तुला दिले त्याच्याबाबत अल्लाहचे भय बाळग, अशा अर्थाची समज दिली. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि दमवतोस अशी त्याची तक्रार आहे, असे सांगितले. उंटाला तक्रार करता आली. कोळ्याला आवाज नाही, अश्रू नाहीत, तो उपाशी असताना आणि तृप्त असताना बाहेरून जवळजवळ सारखाच दिसतो. ज्याची तक्रार कोणालाच ऐकू येत नाही, त्याचा मालक अधिक सावध हवा.

मालक म्हटल्यावर त्या मुलाकडे वळणे भाग आहे. पत्रात त्याच्याविषयी फारच थोडे आहे, आणि हीच खटकण्यासारखी गोष्ट आहे. मुलांनी जीव पाळू नयेत असे नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैर यांच्याकडे, एक लहानसा पक्षी होता, तो मेला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या बालकाची आस्थेने विचारपूस केली. इब्नुल कास या शाफई विद्वानांनी या एका छोट्या हदीसीतून साठ बोध काढून एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि मुलाने पक्षी पाळणे वैध असल्याचे उलमांनी येथूनच दाखवले. पण पाळणे वैध असणे आणि पाळून दुसऱ्याच्या गळ्यात घालणे यांत अंतर आहे. चिलीच्या या कोळ्याची मादी वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकते. पंधराव्या वर्षीची हौस पस्तिसाव्या वर्षापर्यंत पुरत नाही, हे दुकानदार सांगत नाही; ते आईबापांनी सांगायचे असते. तेव्हा आईने पाणी ठेवावे, कारण पेटी आज तिच्या घरात आहे आणि तहान मुलाच्या सुट्टीपर्यंत थांबत नाही. परंतु खर्च मुलाने द्यावा, फोनवर चौकशी त्याने करावी, आणि सुट्टीत घरी आल्यावर पेटी त्याने स्वतः साफ करावी. आईची सेवा हे त्याच्यावरचे ऋण आहे, सूट नव्हे.

खरेदीविषयीही थोडे. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांचा सुंदर टॅरंटुला पाळीव बाजारासाठी इतका पकडला गेला की १९८५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आंध्र प्रदेशातील गुत्ती गावावरून ओळखला जाणारा निळा टॅरंटुला जगात दुसऱ्या कोणत्याही देशात निसर्गतः सापडत नाही. त्याच्या साऱ्या कुळालाच २०१९ साली तसे संरक्षण द्यावे लागले. आपल्या सह्याद्रीच्या झाडांच्या ढोल्यांतही याच कुळाचे भाईबंद राहतात. त्यांना तेथून काढून डबीत घालण्याची उर्मी एखाद्या मुलाला झाली, तर त्याला ढोलीपाशी उभे राहून पाहायला शिकवावे. तेथे त्याची रोजी कोणी अडवलेली नाही, म्हणून तेथे त्याचे आपल्यावर काही देणेही नाही.

ब्रिटनमधील त्या घरात मात्र देणे उभे राहिले आहे. तो कोळी मादी असण्याचा संभव अधिक, कारण वयात आलेला नर सहसा पुन्हा कात टाकत नाही. गळालेला पाय पुढच्या कातीच्या वेळी लहान आणि बारीक असा परत उगवतो. त्याच्या पुढच्या कातीत तो बाकीच्या पायांच्या जवळपास येतो. मोठ्या मादीची पुढची कात एका वर्षाने येईल, कदाचित दोन वर्षांनी. तोवर बशी कोणत्या दिवशी कोणी भरायची, आणि घरची माणसे उन्हाळ्यात कोकणात आली तर किल्ली कोणाकडे द्यायची, हे आई, वडील आणि मुलगा या तिघांनी बसून ठरवावे.